छायाचित्रात काय ठेवावे आणि काय टाकावे ?



आजच्या भाषणाचा विषय दिसावयास अगदी लहान आहे. कॅमेऱ्याच्या पाठीमागील पडद्यावर जी सूची उघडते, तिच्यात ‘इमेज क्वालिटी’ किंवा ‘फाइल फॉरमॅट’ अशी एक ओळ असते. ती निवडली की ‘जेपेग फाइन’, ‘जेपेग नॉर्मल’, ‘रॉ’, ‘रॉ अधिक जेपेग’ आणि काही नव्या कॅमेऱ्यांत ‘हीफ’ अशी नावे एकाखाली एक येतात. बहुतेक कुटुंबांत या ओळीकडे कोणी फिरकत नाही. लग्नाची छायाचित्रे संगणकावर उघडेनात, शेकडो चित्रांचे म्हणून घेतलेले कार्ड मुंज लागण्यापूर्वीच भरले, किंवा भिंतीवर लावण्यासाठी मोठे करवून घेतलेले चित्र चौकटीचौकटींचे दिसू लागले, म्हणजे मग तिची आठवण होते. अशा वेळी कोणती कळ दाबावी हे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. परंतु ती नावे तेथे आली कोठून आणि त्यांपैकी एखादे निवडताना आपण नेमकी कशास संमती देतो, हे सहसा कोणी सांगत नाही. या नावांमागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आणि तो ठाऊक असला म्हणजे निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रारंभीच शब्दाविषयी एक सूचना केली पाहिजे. ‘फॉरमॅट’ या शब्दाला कॅमेऱ्यात दोन अर्थ आहेत. चित्र साठविण्याचा साचा हा एक. आजचा विषय तो. कार्ड पुसून कोरे करणे हा दुसरा. सूचीत नुसते ‘फॉरमॅट’ असे जे दिसते ते बहुधा दुसऱ्या अर्थाचे असते, आणि पहिल्याच्या शोधात निघालेल्या माणसाने ते दाबले तर काय होईल हे सांगावयास नको. तसे झालेच, तर त्या कार्डावर एकही नवे चित्र न घेता ते जाणकाराकडे न्यावे. जुनी चित्रे परत मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. असो.

१९७५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील रोचेस्टर येथे ईस्टमन कोडॅक कंपनीचे तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मवाचून चित्र घेणारे एक यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याने घेतलेले चित्र शंभर ठिपके रुंद व शंभर ठिपके उंच, म्हणजे एकूण दहा हजार ठिपक्यांचे असे, आणि ते गाणी ऐकावयाच्या साध्या कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. या यंत्रात साच्याची निवड नव्हती. जेवढे टिपले तेवढे सगळे ठेवावयाचे. दहा हजार ठिपक्यांतून टाकणार तरी काय?

त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांनी त्याच वर्षी एका कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला व १९७६ साली ते त्यांना मिळाले. आजच्या ‘रॉ’चे मर्म या कल्पनेत असल्यामुळे ती थोडी समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाश टिपणारा जो संवेदक असतो, त्याच्यावरील प्रत्येक बिंदूला प्रकाश किती हे कळते, त्याचा रंग कळत नाही. म्हणून बायर यांनी त्या बिंदूंवर लहान लहान रंगीत गाळण्या बसविल्या. निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या आणि पाव निळ्या. हिरव्या अधिक, कारण मनुष्याचा डोळा बारीक तपशील मुख्यतः त्या भागातील प्रकाशावरून ओळखतो. याचा अर्थ असा की आपल्या कॅमेऱ्यातील प्रत्येक बिंदू तीन रंगांपैकी एकच रंग प्रत्यक्ष पाहतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंना विचारून अनुमानाने भरावे लागतात. हे अनुमान होण्यापूर्वीची कच्ची नोंद म्हणजे ‘रॉ’. ते चित्र नव्हेच. ते चित्राचे सामान आहे. ज्यांनी पूर्वी स्टुडिओत जाऊन छायाचित्रे काढविली असतील त्यांना हे लगेच उमजेल. आपल्या हाती कॉपी येई आणि निगेटिव्ह स्टुडिओवाल्याच्या कपाटात राही. तेच हे नाते.

ठिपके वाढू लागले तसा टाकण्याचा प्रश्न उभा राहिला. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ-३ या कॅमेऱ्याच्या देहावर बसविलेला डीसीएस हा अंकीय कॅमेरा वृत्तछायाचित्रकारांसाठी विक्रीस आणला. त्याची चित्रे सुमारे तेरा लक्ष ठिपक्यांची होती, आणि ती साठविण्यासाठी खांद्याला अडकविण्याची एक वेगळी पेटी होती. त्या पेटीतील तबकडीची धारणशक्ती दोनशे मेगाबाइट. तीत सर्व काही जसेच्या तसे ठेवले तर १५६ चित्रे मावत. दाबून लहान करणारा एक जादा भाग पेटीत बसविला तर तीच तबकडी ६०० चित्रे घेई. १५६ की ६०० ? दंगलीच्या किंवा सामन्याच्या जागी उभ्या असलेल्या वार्ताहराने यांतील काय निवडावे ? आपल्या कॅमेऱ्यातील ती ओळ विचारते तो प्रश्न हाच.

आता हे दाबून लहान करणे कोठून आले, ते पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आणि येथे आपल्या देशातील एका मनुष्याची गाठ पडते. नासिर अहमद हे १९४० साली बंगळूर येथे जन्मले. तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले व पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे एका संशोधनासाठी द्रव्यसाहाय्य मागितले. त्रिकोणमितीत आपण जिला ‘कोज्या’ म्हणून घोकले, त्या कोज्येच्या निरनिराळ्या लाटांत चित्राची फोड करावयाची, अशी ती कल्पना होती. साहाय्य मिळाले नाही. एका परीक्षकास ही कल्पना फारच सोपी वाटली, अशी आठवण अहमद यांनी पुढे लिहून ठेवली आहे. तथापि त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोघा सहकाऱ्यांसह त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. तो अवघ्या काही पानांचा होता. आज जगात जी छायाचित्रे घेतली जातात त्यांतील बहुसंख्य या तिघांच्या गणितातून जातात. परंतु आपल्या घराघरांत त्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असलेल्या मुलांना ही तीन नावे एकदा तरी ऐकवावी, असे मला फार वाटते.

१९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटना आणि टेलिफोन-तारायंत्रांची आंतरराष्ट्रीय समिती यांच्या तज्ज्ञांचे एक संयुक्त मंडळ स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘जेपेग’. गंमत अशी की या मंडळापुढे त्या वेळी कॅमेरा प्रामुख्याने नव्हताच. होती ती टेलिफोनची तार. दूरचित्रवाणीच्या पडद्याएवढे, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे रंगीत चित्र सेकंदाला ६४ हजार बिट नेणाऱ्या तारेवरून जसेच्या तसे पाठविले तर पावणेदोन मिनिटे लागत. तेवढा वेळ पडद्याकडे पाहत कोण बसणार ? मंडळाकडे बारा पद्धती आल्या. १९८७ च्या जूनमध्ये, कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे हे न सांगता, चित्रे परीक्षकांपुढे मांडून त्यांतील तीन निवडण्यात आल्या. आणि १९८८ च्या जानेवारीत अधिक कडक परीक्षा होऊन कोज्येवर उभारलेली पद्धत सरस ठरली. १९९२ साली मानक मंजूर झाले. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून गुण देण्याची ही रीत एका शिक्षकाला आवडल्यास नवल नाही.

ही पद्धत काय करते ? ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ आकडे येतात. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, आणि पुढचे आकडे क्रमाने अधिकाधिक बारीक बदल सांगतात. येथवर काहीच हरवलेले नसते. हरवते ते पुढच्या पायरीवर. हिशेबनीस पैसे सोडून नुसते रुपये लिहितो, त्याप्रमाणे हे आकडे ढोबळ करण्यात येतात. आणि बारीक बदलांचे आकडे तर इतके ढोबळ होतात की त्यांतील पुष्कळांची शून्ये होतात. शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते, म्हणून फाइल लहान होते. रंगाच्या बाबतीत डोळा उजेडाहून मंद असल्यामुळे रंगाची नोंद बहुधा आणखी विरळ ठेवतात. ‘फाइन’, ‘नॉर्मल’, ‘बेसिक’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की किती पैसे सोडावयाचे. फार सोडले की शेजारच्या दोन चौकोनांचा मेळ बसत नाही, आणि निळ्या आकाशात किंवा बाळाच्या गालावर फरशीसारख्या चौकटी दिसू लागतात.

ही खोड मागाहून दुरुस्त होत नाही, कारण सोडलेले पैसे वहीत कोठेच नसतात. शिवाय अशी फाइल उघडून, थोडी बदलून पुन्हा पुन्हा साठविली की दर वेळी ढोबळ करण्याची क्रिया नव्याने होते. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवून बदल तिच्या प्रतीवर करावेत. कॅमेऱ्यात ‘नॉर्मल’ ऐवजी ‘फाइन’ आणि आकार ‘लार्ज’ ठेवणे हेही त्याच कारणाने शहाणपणाचे. ठिपक्यांचा आकार आणि साठविण्याचा दर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र ध्यानात असू द्यावे. मोठा आकार व हलका दर्जा अशी जोडी नकळत पडलेले कॅमेरे मी पुष्कळ पाहिले आहेत.

या पद्धतीच्या मालकीवरून पुढे एक खटलाही गाजला. २००२ साली फॉर्जेंट नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीने एका जुन्या पेटंटाच्या आधारे जेपेगवर हक्क सांगितला व कित्येक कंपन्यांकडून मिळून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वसूल केली. २००६ साली पेटंट कार्यालयाने त्यातील मुख्य दावे फेटाळले, तेव्हा कोठे ते प्रकरण मिटले.

साचा एक झाला तरी कॅमेऱ्यांची भाषा एक होण्यास आणखी काही वर्षे गेली. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली ‘एक्झिफ’ हा नियम केला. चित्र घेतल्याची तारीख, वेळ, छिद्राचे माप इत्यादी माहिती चित्राच्या फाइलीतच लिहिण्याची सोय त्याने झाली. १९९८ साली आणखी एक नियम आला. कार्डावरील ‘डीसीआयएम’ नावाचा कप्पा, आणि चार अक्षरे व चार आकडे यांनी बनलेले फाइलीचे नाव, ही त्या नियमाची देणगी. यातून दोन अडचणी निघतात. संगणकावर नाव बदललेले चित्र कार्डावर परत ठेवले तर कॅमेरा पुष्कळदा ते दाखवीत नाही. चित्र बिघडलेले नसते, नाव नियमाबाहेरचे असते एवढेच. दुसरी अडचण अधिक घातक आहे. चार आकड्यांत ९९९९ च्या पुढे जागा नसल्यामुळे क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, आणि तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीचे चित्र व आजचे चित्र एकाच नावाची होतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकताना संगणक ‘जुनी फाइल बदलू का ?’ असे विचारतो, आणि आपण घाईने ‘होय’ म्हणतो. प्रत्येक समारंभाला तारखेचे वेगळे फोल्डर केले की हा धोका टळतो.

आता कच्च्या नोंदीकडे, म्हणजे ‘रॉ’कडे वळू. निकॉनने १९९९ साली डी-१ हा कॅमेरा आणला, तेव्हापासून अंकीय कॅमेरे वृत्तपत्रांत खऱ्या अर्थाने रुळले. त्यात जेपेगबरोबर कच्ची नोंद ठेवण्याचीही सोय होती. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. कच्च्या नोंदीत त्या ४०९६ किंवा १६३८४ असतात. खिडकीपाशी बसलेल्या आजींचा चेहरा काळोखात गेला असेल, तर या जादा पायऱ्यांतून तो वर काढता येतो. जेपेगमध्ये तेथे बहुतेक काळोखच उरतो. एवढा मोठा लाभ असूनही घरगुती लोक रॉला भितात याचा दोष त्यांचा नाही. प्रत्येक कंपनीने आपला साचा वेगळा केला, त्याचे वर्णन गुप्त ठेवले आणि नवा कॅमेरा आला की त्यात फेरफार केले. कॅननने तर सीआरडब्ल्यू, २००४ साली सीआर-टू आणि २०१८ साली सीआर-थ्री अशी तीन नावे घेतली. म्हणूनच, नव्या कॅमेऱ्याचे रॉ चित्र जुन्या संगणकावर उघडले नाही तर कार्ड बिघडले असे समजू नये. त्या संगणकातील कार्यक्रमाला हा कॅमेरा अद्याप ठाऊक नसतो. तो कार्यक्रम अद्ययावत केला की चित्र बहुधा उघडते.

या गुप्ततेचा कळस २००५ साली झाला. निकॉनच्या डी-२-एक्स या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत पांढऱ्या रंगाच्या समतोलाची नोंद कूटलिपीत घातलेली आहे, हे अडोबी कंपनीचे थॉमस नोल यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उघडकीस आणले. म्हणजे चित्र माझे, कॅमेरा मी विकत घेतलेला, आणि त्यातील रंग वाचण्याची किल्ली मात्र कंपनीकडे ! छायाचित्रकारांत मोठी ओरड झाली. निकॉनचे म्हणणे असे की, कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी आमच्याकडे अर्ज करावा, साधने आम्ही देऊ. मला हे उत्तर अपुरे वाटते. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, धंदा बदलतात. नातवाने आजोबांचे चित्र उघडावयाच्या वेळी अर्ज कोणाकडे करावयाचा? याच चिंतेतून अडोबीने २००४ साली ‘डीएनजी’ नावाचा एक उघडा साचा प्रसिद्ध केला होता, व निरनिराळ्या रॉ फाइलींचे त्यात रूपांतर करणारा कार्यक्रम विनामूल्य ठेवला. त्याच्याही आधीपासून, १९९७ पासून, डेव्ह कॉफिन हे एकटे गृहस्थ एकेका कॅमेऱ्याची लिपी उलगडून ती वाचणारा कार्यक्रम सर्वांना मोफत देत आले होते. या क्षेत्रात मला कोणाविषयी आदर वाटत असेल तर तो या मनुष्याविषयी.

‘टिफ’ या साच्याचे थोडक्यात सांगतो. तो १९८६ साली ऑल्डस कंपनीने केला. चोवीस दशलक्ष ठिपक्यांचा कॅमेरा घेतला, तर १४ बिटांची न दाबलेली कच्ची नोंद सुमारे ४२ मेगाबाइट होते. टिफमध्ये प्रत्येक ठिपक्याचे तिन्ही रंग लिहावे लागल्यामुळे तेच चित्र ७२ मेगाबाइटांचे होते, आणि एवढे करून जादा पायऱ्या मिळत नाहीत. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांतून तो गेला. उत्तम जेपेग यांच्या कितीतरी आत, बहुधा दहा-बारा मेगाबाइटांत मावते. मुंज लागण्यापूर्वीच कार्ड का भरले, याचे उत्तर या आकड्यांत आहे : कोणीतरी ‘रॉ अधिक जेपेग’ लावून ठेवले होते, आणि प्रत्येक चित्र दोनदा साठत होते. उलट, रॉ लावू जाता ते नाव फिकट दिसते व निवडले जात नाही, अशीही तक्रार येते. अनेक कॅमेऱ्यांत पूर्ण स्वयंचलित पद्धत, तयार देखाव्यांच्या पद्धती किंवा डिजिटल झूम चालू असता रॉ मिळत नाही. वरची चकती ‘पी’ या अक्षरावर आणली की बहुधा काम होते.

कोणता साचा अधिक खरा, याविषयी जाणत्यांतही एकमत नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ च्या नोव्हेंबरात आपल्या बाहेरील छायाचित्रकारांना कळविले, की रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नयेत, कॅमेऱ्यातच तयार झालेले जेपेग पाठवावे. बातमी लौकर यावी आणि मागाहून रंगरंगोटी होऊ नये, ही दोन कारणे. ॲम्स्टरडॅम येथील ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत मात्र शेवटच्या फेरीतील चित्र खरे की खोटे हे पडताळण्यासाठी परीक्षक कच्ची फाइल मागतात. एकाला शिजलेले अन्न विश्वासाचे वाटते, दुसऱ्याला शिधा.

सर्वांत धाकटा साचा ‘हीफ’. तो २०१५ साली ठरला, आणि २०१७ च्या सप्टेंबरात ॲपलने आपल्या फोनांत तो आपण होऊनच लावला. त्याच चित्राला तो जेपेगच्या जवळजवळ निम्मीच जागा घेतो. आपल्या चित्रांची नावे ‘एचईआयसी’ या अक्षरांनी संपू लागली, हे लक्षावधी लोकांच्या ध्यानातही आले नाही. त्याचा परिणाम २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत दिसला. साथीमुळे तेथील कॉलेज बोर्डाने आपल्या परीक्षा घरूनच घेतल्या. पंचेचाळीस मिनिटे लिहावयाचे, आणि पुढील पाच मिनिटांत हाताने लिहिलेल्या उत्तरांची छायाचित्रे फोनने घेऊन पाठवावयाची, अशी ती योजना होती. बोर्डाच्या यंत्रणेला हीफ कळत नव्हते. उत्तरे लिहून झालेली, घड्याळ चाललेले, आणि चित्र काही केल्या जाईना ! कित्येक मुलांची वेळ तशीच संपली, आणि त्यांना पुन्हा परीक्षेस बसावे लागेल असे सांगण्यात आले. दुसऱ्या आठवड्यापासून बोर्डाने ई-मेलने उत्तरे पाठविण्याची वाट मोकळी केली. पण ती त्यापुढच्या परीक्षार्थींसाठी होती. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका हाताळलेल्या मनुष्याला ही हकीगत वाचून स्वस्थ बसवत नाही.

आपल्याकडेही सरकारी आणि परीक्षांचे अर्ज भरताना पुष्कळदा जेपेगच मागितले जाते. फाइलीच्या नावाची शेवटची अक्षरे खोडून तेथे ‘जेपीजी’ असे लिहिण्याचा उपाय काही जण करतात. त्याने पाटी बदलते, आतील माल बदलत नाही. चित्राचे खरोखर रूपांतरच करावे लागते. ॲपलच्या फोनात ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हे निवडले की फोन जेपेगमध्ये चित्रे घेऊ लागतो. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशीच हे करून ठेवावे, कारण फोन असो वा कॅमेरा, ही निवड बदलल्यानंतर जी चित्रे घ्याल त्यांनाच ती लागू होते. आधी घेतलेली चित्रे ज्या साच्यात घेतली गेली त्याच साच्यात राहतात.